निःशब्द पावलांचा शिकारी : कर्नल जिम कॉर्बेट

रानांत जाऊन वाघ मारणारे पुष्कळ होऊन गेले. बसावयास हत्ती, हातांत उत्तम रायफल व हांका घालावयास शंभर माणसें असलीं, म्हणजे वाघ मारण्यांत फारसा पुरुषार्थ उरत नसे. परंतु माणसांच्या रक्ताची चटक लागलेल्या वाघाच्या मागावर एकट्यानें, पायीं, वाळलेलें पानही न वाजवितां जाणें ही गोष्ट अगदीं निराळी. असे एक गृहस्थ कुमाऊंच्या डोंगरांत होऊन गेले. त्यांचें नांव एडवर्ड जेम्स कॉर्बेट. जग त्यांना जिम कॉर्बेट म्हणून ओळखतें. कुमाऊंचे शेतकरी मात्र त्यांना प्रेमानें कारपेटसाहेब म्हणत.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ रोजीं नैनीताल येथें झाला. वडील तेथें पोस्टमास्तर होते. घरांत मुलें पुष्कळ आणि मिळकत बेताची. जिमला सहावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १८८१ सालीं, वडील वारले व संसाराचा सारा भार आई मेरी जेन हिच्यावर पडला. थंडीच्या दिवसांत हें कुटुंब डोंगर उतरून कालाढुंगी येथें राहावयास येई. तेथें घराच्या कुंपणापाशींच अरण्य सुरू होई, आणि तीच जिमची खरी शाळा झाली.

या शाळेंत तो अनवाणी जाई. प्रथम हातांत गलोल, मग धनुष्यबाण, आणि पुढें एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक मिळाली. पण तिची एक नळी फाटलेली होती! दारूगोळाही बेताचाच. तेव्हां लांबून बार उडवून पाहण्याची चैन त्याला परवडण्यासारखी नव्हती. सावज जवळ येईल असें नाहीं, म्हणून आपणच सावजाजवळ जावयाचें, व तेंही त्याला चाहूल लागूं न देतां. वडील बंधु टॉम व कुंवरसिंग नांवाचा गांवचा ठाकूर हे त्याचे गुरु. गरिबीनें त्याला जो धडा घालून दिला, तो श्रीमंत शिकाऱ्यांना कधींच मिळाला नाहीं.

मुलगा भित्रा नव्हता असें मात्र नाहीं. एका आयरिश मुलानें त्याला रानांत ओरडणाऱ्या हडळीच्या गोष्टी सांगितल्या होत्या. एके दिवशीं झाडींतून तसाच भेसूर आवाज आला व जिम पळत सुटला. पुढें मन घट्ट करून तो त्याच आवाजाच्या दिशेनें हळूहळू गेला, तों काय दिसलें? एक झाड मोडून दुसऱ्यावर कलंडलें होतें, आणि वाऱ्यानें दोन्ही एकमेकांवर घासत होतीं. त्या दिवसापासून रानांतील प्रत्येक आवाजाचा उगम शोधण्याची त्याला संवय लागली.

आतां पायांतील जोड्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण विद्यार्थ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. वाघाच्या पंजाखालीं मऊ गादी असते. म्हणून एवढें मोठें धूड पाचोळ्यावरून गेलें तरी ऐकूं येत नाहीं. उलट, खिळे मारलेल्या जाड चामडी बुटाचा दगडावर टणत्कार होतो, आणि तळ जाड असल्यामुळें खालची काटकी मोडेपर्यंत पायाला तिचा पत्ताच लागत नाहीं. म्हणून मोठेपणीं कॉर्बेटसाहेब नरभक्षकाच्या मागावर जातांना पातळ रबरी तळाचे जोडे वापरीत. पातळ तळांतून पायाला जमीन कळते. पाऊल टेकावें, परंतु अंगाचा भार मागच्याच पायावर ठेवावा. खालीं काटकी किंवा सुटा दगड लागला तर तें पाऊल उचलून दुसरीकडे ठेवावें. जागा पक्की आहे अशी खात्री पटल्यावरच भार पुढें द्यावा. थोडें चालून थांबावें व ऐकावें. सालवृक्षाचीं वाळलेलीं पानें दुपारीं पापडासारखीं वाजतात. तींच पहाटेच्या दंवानें मऊ पडतात. असा जोडा कामाचा असला तरी सुखाचा नव्हे. त्यांतून कांटे आंत शिरतात, खडे बोंचतात व ओल्या खडकावर पाय घसरतो. मुकाट्यानें चालावयाचें तर पायांनीं थोडें सोसलेंच पाहिजे.

शाळा सोडल्यावर कॉर्बेट रेल्वेच्या नोकरींत शिरले, व पुढें गंगेच्या कांठीं मोकामा घाट येथें मालाच्या चढउताराचें काम त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ केलें. शिकार हा त्यांचा धंदा कधींच नव्हता. १९०७ सालीं चंपावतच्या वाघिणीनें ४३६ माणसें मारल्याचें सांगत. तिच्या पारिपत्यास जाण्यापूर्वीं त्यांनीं दोन अटी घातल्या : सरकारनें लावलेलें बक्षीस रद्द करावें आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावें. वाघीण मेल्यावर पाहिलें, तों तिच्या उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीनें मोडलेले होते. नेहमींचें भक्ष्य तिला धरवत नव्हतें. वाघाला नरभक्षक करण्यांत पुष्कळदां माणसाचाच हात असतो, हें त्यांनीं तेव्हांच ओळखलें.

पुढें १९२६ सालीं त्यांनीं रुद्रप्रयागचा बिबळ्या मारला. त्याच्या भीतीनें केदारनाथ व बदरीनाथ यांच्या वाटेवरील गांवें आठ वर्षें सूर्यास्तानंतर दारें लावून बसत होतीं.

परंतु त्यांच्या सौम्य पावलांची खरी कसोटी ११ एप्रिल १९३० रोजीं लागली. चौगढच्या वाघिणीनें ६४ बळी घेतले होते. दोन माणसें बरोबर घेऊन कॉर्बेट एका नाल्यांतून चालले होते. वाटेंत रातवा पक्ष्याचीं दोन अंडीं सांपडलीं. तीं त्यांनीं डाव्या हातांत जपून धरलीं. पुढें एक प्रचंड शिळा आडवी आली. पातळ रबरी तळांमुळें ते तिला वळसा घालून आवाज न करतां पलीकडच्या वाळूंत उतरले, आणि उजव्या खांद्यावरून मागें पाहतात तों वाघीण अवघ्या आठ फुटांवर दबा धरून बसलेली! एकाएकीं हालचाल करावी तर ती झेप घेणार. पण हातांत अंडीं होतीं, म्हणून तसा मोहच झाला नाहीं. एकाच हातानें त्यांनीं रायफल इतकी सावकाश फिरविली कीं वाघीण जागची हलली नाहीं. गोळी सुटली व ती तेथेंच संपली. तिचीं नखें मोडलेलीं व दांत झिजलेले होते. परततांना साहेबांनीं तीं अंडीं पुन्हां घरट्यांत नेऊन ठेवलीं. ज्या हातानें वाघीण मारली त्याच हातानें पांखराचा संसार संभाळला, ही गोष्ट मला त्या शिकारीइतकीच मोठी वाटते.

रानांत वावरण्याची ही विद्या त्यांनीं स्वतःपुरती ठेवली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, साठी उलटून गेल्यावर, ब्रह्मदेशांत लढावयास जाणाऱ्या सैनिकांना त्यांनीं आपल्या जवळच्याच छिंदवाडा येथें अरण्यांत कसें वावरावें याचें शिक्षण दिलें.

तोंपर्यंत बंदुकीऐवजीं क्यामेऱ्यावर त्यांची प्रीति जडली होती. वाघाचें चलच्चित्र घेतांना यंत्राच्या घरघरीनें तो बिथरे. तेव्हां त्यांनीं ओढ्यांत लहान बांध घातले व पाण्याच्या खळखळाटांत तो आवाज लपविला. मारण्याकरितां शिकलेली चाल आतां नुसतें पाहण्याकरितां उपयोगी पडूं लागली. १९३६ सालीं रामगंगेच्या कांठीं हिंदुस्थानांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें, त्यास त्यांचें मोठें साहाय्य झालें. १९४७ सालीं ते बहीण मॅगी हिच्यासह केनियांत गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजीं न्येरी येथें त्यांचें देहावसान झालें. पुढें त्या उद्यानास त्यांचेंच नांव देण्यांत आलें, व १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ तेथेंच झाला.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेचा जिना उतरतांना जो गडगडाट होतो, त्यावरून आपणांपैकीं किती जणांना वाघाचें दर्शन घडेल याची शंकाच वाटते! पण विनोद राहूं द्या. एलीया संदेष्ट्यास देवाची वाणी वादळांत आली नाहीं, भूमिकंपांतही आली नाहीं. ती मंद होती व शांत होणाऱ्यासच ऐकूं आली. देवाची सृष्टीही गोंगाट करणाऱ्याशीं बोलत नाहीं. सुटींत घरीं जाल तेव्हां एखाद्या सकाळीं दंव असतांना शेताच्या बांधावरून किंवा माळावरून हलक्या पावलांनीं चालून पाहा, मध्यें मध्यें थांबा आणि ऐका. पालकांनींही बरोबर जावें. बंदुकीची कांहीं गरज नाहीं.