मेणबत्तीच्या उजेडाचा चित्रकार : जॉर्ज द ला तूर

लॉरेन प्रदेशातील विक-सुर-सेय या लहानशा गावी १५९३ मध्ये एका पाव भाजणाऱ्याच्या घरी जॉर्ज द ला तूर यांचा जन्म झाला. १६१७ मध्ये दियान ल नेर्फ या सधन घराण्यातील कन्येशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे ते पत्नीच्या लुनेव्हिल गावी स्थायिक झाले. ड्यूकने त्यांना करमाफीही दिली.

तीस वर्षांच्या युद्धात लॉरेन होरपळून निघाले. प्लेग, दुष्काळ आणि सैन्यांची लूट यांनी गावे ओस पडली. १६३८ मध्ये लुनेव्हिल जाळले गेले. पुढच्याच वर्षी ला तूर पॅरिसमध्ये राजाचे चित्रकार म्हणून आढळतात. काही काळाने ते पुन्हा लुनेव्हिलला परतले.

त्यांची रात्रीची चित्रे बहुतांशी या उत्तरायुष्यातील मानली जातात. गडद काळोख, एकच मेणबत्ती आणि तिच्याभोवती स्तब्ध माणसे. 'सुतार संत जोसेफ' या चित्रात वृद्ध जोसेफ गिरमिटाने लाकडाला भोक पाडत आहेत. बाल येशूने ज्योतीपुढे धरलेल्या हाताच्या बोटांतून प्रकाश आरपार झिरपतो. पिसू मारणारी स्त्रीही त्यांनी तितक्याच गांभीर्याने रंगवली.

चित्रांतील ही शांती चित्रकाराच्या वर्तनात मात्र नव्हती. ते जहागीरदाराच्या थाटात कुत्र्यांचा ताफा बाळगतात आणि सशांच्या शिकारीपायी उभी पिके तुडवतात, अशी तक्रार गावकऱ्यांनी १६४६ मध्ये ड्यूककडे केली होती. युक्रेनमधील ल्विव्हच्या संग्रहालयात त्यांचे करवसुलीचे चित्र आहे. मेणबत्तीच्या उजेडात एक वृद्ध नाणी मोजून देत आहे आणि भोवतालचे लोक वहीवर वाकले आहेत. करमाफी उपभोगणाऱ्याच्या कुंचल्यातून ते उतरावे, हे विशेषच.

जानेवारी १६५२ मध्ये पंधरवड्याच्या अंतराने आधी पत्नी, मग ते स्वतः निवर्तले. त्यानंतर त्यांचे नावच पुसले गेले आणि चित्रे इतरांच्या नावावर जमा झाली. १९१५ मध्ये जर्मन कलाभ्यासक हेरमान फोस यांनी नांत व रेन येथील चित्रांचा कर्ता ओळखला. रेनचे 'नवजात' हे चित्र त्यांपैकीच एक. दोन स्त्रिया, कापडात घट्ट गुंडाळलेले निजलेले बाळ आणि तळहाताआड झाकलेली ज्योत. मस्तकामागे तेजोवलय नाही; त्यामुळे ते बाळ येशू आहे की कुणा शेजारणीचे, याचा उलगडा चित्र करत नाही.