शिस्तीचा सेनानी : हेमू अधिकारी

२४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलवर भारताने इंग्लंडला चार गडी राखून हरविले आणि इंग्लंडच्या भूमीवर प्रथमच कसोटी मालिका जिंकली. अजित वाडेकर यांचे नेतृत्व आणि चंद्रशेखर यांचे ३८ धावांतील सहा बळी सर्वांच्या स्मरणात राहिले. त्या संघाचे व्यवस्थापक लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी यांचे नाव मात्र त्या मानाने मागे पडले.

३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात जन्मलेल्या अधिकारी यांची उमेदीची वर्षे दुसऱ्या महायुद्धात गेली. कसोटी पदार्पणासाठी त्यांना १९४७ पर्यंत थांबावे लागले. समोर ब्रॅडमन यांचा ऑस्ट्रेलियन संघ होता. पुढील वर्षी दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी नाबाद ११४ धावा केल्या. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक. १९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत गुलाम अहमद यांच्यासह अखेरच्या गड्यासाठी त्यांनी १०९ धावांची भर घातली आणि स्वतः ८१ धावांवर नाबाद राहिले. कव्हरमधील त्यांचे चपळ क्षेत्ररक्षण हा त्या काळात अपवादच होता.

लष्करी सेवेमुळे ते २१ कसोटींपलीकडे जाऊ शकले नाहीत. १९५८-५९ च्या मालिकेत वेस्ट इंडीजने भारताची दाणादाण उडविली. उमरीगर, गुलाम अहमद आणि मंकड यांच्यानंतर पाचव्या कसोटीत कर्णधारपद अधिकारी यांच्याकडे आले. चाळिशीच्या उंबरठ्यावरील या सैनिकाने ६३ व ४० धावा केल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित राखला. तोच त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला.

व्यवस्थापक म्हणून त्यांनी तीच करडी शिस्त संघात आणली. तंदुरुस्ती व क्षेत्ररक्षणाच्या सरावावर त्यांचा भर असे. फिरकी गोलंदाजांना बळी मिळायचे, तर फलंदाजाच्या अगदी जवळचे झेल सुटून चालणार नव्हते. सोलकर, वेंकटराघवन, अबिद अली आणि स्वतः वाडेकर यांनी १९७१ मध्ये ते काम चोख बजावले.

यश मात्र टिकले नाही. १९७४ च्या दौऱ्यावरही अधिकारीच व्यवस्थापक होते. लॉर्ड्सवर भारताचा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला आणि मालिका ३-० अशी गमावली. फलंदाजी कोसळली, तेव्हा शिस्तही अपुरी पडली.

तरीही त्यांचे कार्य थांबले नाही. सुनील गावसकर, कपिल देव, करसन घावरी, रॉजर बिन्नी यांसारख्या खेळाडूंना त्यांचे मार्गदर्शन लाभले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. क्षेत्ररक्षण हे दुय्यम काम नसून सामना जिंकून देणारे अस्त्र आहे, ही जाण भारतीय क्रिकेटमध्ये रुजविणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.