लिव्हिंग्स्टन यांना खांद्यावरून समुद्रापर्यंत नेणारे नाशिकचे तरुण

१ मे म्हटलं की आपल्याकडे महाराष्ट्र दिन. याच तारखेला, १८७३ साली, आजच्या झांबियातल्या चितांबो यांच्या गावी एका गवती झोपडीत डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचं निधन झालं. तीस वर्षं आफ्रिकेचं रान तुडवणारे हे स्कॉटिश डॉक्टर जगाला माहीत आहेत. पण त्यांचं पार्थिव खांद्यावर घेऊन समुद्रापर्यंत चालत गेलेल्या माणसांत आपल्या नाशिकला वाढलेले तरुणही होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

सूतगिरणीतून आफ्रिकेत

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावी झाला. घर एका खोलीचं. दहाव्या वर्षी ते सूतगिरणीत कामाला लागले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम. यंत्रावर पुस्तक टेकवून ठेवायचं आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचं, असं त्यांचं शिक्षण झालं. पुढे ग्लासगोत वैद्यक शिकून १८४१ मध्ये ते मिशनरी म्हणून दक्षिण आफ्रिकेत पोचले.

१८४४ मध्ये माबोत्सा इथे सिंह गावची जनावरं मारू लागले. गावकऱ्यांबरोबर लिव्हिंग्स्टनही बंदूक घेऊन निघाले. गोळी लागलेल्या सिंहाने झडप घालून त्यांचा डावा दंड जबड्यात धरला आणि हाडाचा चुरा केला. मेबाल्वे नावाच्या सहकाऱ्याने बंदूक रोखून सिंहाचं लक्ष स्वतःकडे वळवलं, म्हणून ते वाचले. मेबाल्वेलाही सिंहाने मांडीला चावा घेतला. लिव्हिंग्स्टन यांचं हाड नीट जुळलंच नाही आणि तो हात आयुष्यभर अधू राहिला.

बैलगाडी संपते तिथून पुढे

दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखात प्रवास बैलगाड्यांनी व्हायचा. १८४९ मध्ये त्यांनी याच गाड्यांनी कलहारी ओलांडून एन्गामी सरोवर गाठलं. वाटेत वाळू उकरून, झिरपणारं पाणी जमवून बैलांना पाजावं लागलं. पण उत्तरेकडे त्सेत्से माशीचा पट्टा लागतो. ही माशी चावली की बैल आणि घोडे खंगून मरतात. रानरेडा, झेब्रा, हरीण यांना मात्र काही होत नाही. त्यामुळे पुढचा सगळा माल माणसांच्या डोक्यावर. कापड, मणी आणि तारा हेच तिथलं चलन, तेही ओझ्यातूनच न्यायचं.

नोव्हेंबर १८५३ मध्ये माकोलोलो लोकांचा राजा सेकेलेटू याने दिलेली २७ माणसं घेऊन ते लिन्यांतीहून पश्चिम किनाऱ्याकडे निघाले. सामान बेताचंच होतं. पत्र्याच्या चार पेट्या, त्यात कपडे, औषधं, पुस्तकं आणि चित्रं दाखवायचा जादूचा कंदील. शिवाय थोडी बिस्किटं, चहा, साखर, कॉफी, एक लहानसा तंबू, अंथरायला घोड्यावरची घोंगडी आणि जागा मोजायला सेक्स्टंट. बसायला सिंदबाद नावाचा बैल.

मुक्कामाची पद्धतही ठरलेली. कुणी तंबूसाठी काठ्या तोडायचं, कुणी गवत कापून बिछाने करायचं. समोर मोठी शेकोटी, भोवती घोड्याच्या नालासारखी आडोशांची रांग, मध्ये बैल. तंबूच्या दाराशी एक माणूस आडवा झोपायचा, म्हणजे रात्री जनावर आलं तर आधी त्याला ओलांडावं लागेल. पहाटे पाचला उठून, कॉफी घेऊन पुन्हा चाल.

३१ मे १८५४ ला सगळे लुआंडाच्या किनाऱ्यावर पोचले. तापाने लिव्हिंग्स्टन यांचा सापळा झाला होता. बंदरात इंग्लंडला जाणारी जहाजं उभी होती आणि कप्तानांनी जागाही देऊ केली. पण या माणसांना परत घरी पोचवीन असा शब्द सेकेलेटूला दिलेला होता. त्यांनी जहाज सोडलं आणि तीच वाट पुन्हा चालून सगळ्यांना घरी आणलं. पुढे शंभराहून जास्त माणसांसह पूर्वेकडे जाताना, नोव्हेंबर १८५५ मध्ये त्यांनी झांबेझीचा प्रचंड धबधबा पाहिला. स्थानिक लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या म्हणत, त्यांनी त्याला व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं. मे १८५६ मध्ये ते पूर्व किनाऱ्यावर केलिमानेला पोचले.

मुंबई आणि शरणपूर

पुढची झांबेझी मोहीम मात्र फसली. आगबोटी खडकांपुढे थांबल्या, सोबतच्या गोऱ्या सहकाऱ्यांशी त्यांचं पटेना, १८६२ मध्ये पत्नी मेरी तापाने गेल्या. मुलं तर वडिलांविनाच वाढत होती. शेवटी सरकारने मोहीम परत बोलावली.

हाती उरली स्वतःच्या पैशाने बांधलेली ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट. ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून १८६४ मध्ये त्यांनी झांझिबारहून थेट मुंबईला आणली. बोटीवर चुमा नावाचा, गुलामीतून सुटलेला मुलगा होता. त्याला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. बोट बांधायला ६,००० पौंड लागले होते, विकून आले २,३०० आणि ती रक्कम ज्या बँकेत ठेवली तीही पुढे बुडाली.

नाशिकजवळ शरणपूरला मिशनची वसाहत होती. आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली की सोडवलेल्या मुलांपैकी काहींना मुंबईमार्गे इथे आणत. ती लिहा-वाचायला, सुतारकी, लोहारकी शिकत. १८६६ च्या सुरुवातीला लिव्हिंग्स्टन मुंबईहून शेवटच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा इथले नऊ तरुण सोबत होते. चुमाही होता. शिवाय मुंबईचे शिपाई, उंट, खेचरं, गाढवं आणि चक्क म्हशी. रानरेड्याला माशी बाधत नाही, मग म्हशीलाही बाधणार नाही, असा अंदाज होता. तो तपासण्याआधीच जनावरांचे हाल होऊन ती मेली.

मग माणसं पळाली, औषधांची पेटी चोरीला गेली. जुलै १८७१ मध्ये न्यांग्वेच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो लोकांची कत्तल केली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. अडचणीत याच व्यापाऱ्यांच्या तांड्यांचा आधार त्यांना अनेकदा घ्यावा लागला होता, हेही खरंच. त्या कत्तलीचा वृत्तांत स्टॅन्लीमार्फत जगापुढे गेला आणि जून १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. ते कळायला लिव्हिंग्स्टन राहिले नव्हते.

नऊ महिन्यांची वाट

नाईलचा उगम शोधत बांगवेउलूच्या दलदलीत ते शेवटी चालूही शकत नव्हते. माणसं त्यांना डोलीतून नेत होती. १ मेच्या पहाटे ते बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले.

आता ठरवायचं होतं ते सोबतच्या साठेक जणांनी. तिथेच पुरून मोकळं होता आलं असतं, दोष कुणी दिला नसता. पण चुमा आणि सूसी यांच्या पुढाकाराने निर्णय झाला की पार्थिव न्यायचं. हृदय आणि आतडी झाडाखाली पुरली. शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना म्हटली, झाडावर नाव कोरलं आणि पेट्यांतल्या एकूण एक वस्तूची यादी केली. देह मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला.

मग सुमारे दीड हजार मैल चाल. काही जण वाटेत वारले. टाबोराजवळ भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच पुरा असं सुचवलं, त्यांनी ऐकलं नाही. पुढे एका गावाने प्रेत नेऊ द्यायला विरोध केला, तेव्हा ताटांची खोटी मोळी मागे पाठवून खरं पार्थिव मालाच्या गाठोड्यासारखं बांधलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोचले. तिथे त्यांच्याकडून पार्थिव ताब्यात घेतलं, पगार चुकता केला आणि बहुतेकांना निरोप दिला.

लंडनमध्ये तज्ज्ञांनी ओळख पटवली ती सिंहाने मोडलेल्या डाव्या दंडावरून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. चुमा आणि सूसी इंग्लंडला पोचले ते दफन उरकल्यावर.

इंग्रजी पुस्तकांत या सगळ्यांना ‘नाशिकची पोरं’ म्हणतात. खरं तर ती कर्ती माणसं होती. त्यांच्यातला मॅथ्यू वेलिंग्टन मोम्बासाला १९३५ पर्यंत हयात होता. नाशिकला शरणपूर रोडवर आजही रोजची वर्दळ असते. त्या नावामागे ही माणसंही आहेत.