रुपयामागे एक पैसा

महर्षी कर्वे म्हटलं की पांढरी दाढी, भारतरत्न आणि एस.एन.डी.टी., एवढंच आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना ठाऊक. १८५८ ते १९६२ अशी तब्बल १०४ वर्षं जगलेला हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, हे मला रत्नागिरीत आल्यावर कळलं! जन्म खेड तालुक्यात शेरवलीला, बालपण दापोलीजवळच्या मुरुडला. घरची गरिबीच. १७व्या वर्षी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठवले गेले.

पुढे मुंबईत शिकताना ते शिकवण्या करत. तेव्हाच त्यांनी नेम केला की मिळालेल्या रुपयामागे एक पैसा दानासाठी बाजूला काढायचा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत, म्हणजे साधारण दीड टक्का. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. महिन्याला ३००० पॉकेटमनी असेल, तर ४७ रुपये. मेसला कंटाळून आपण एका संध्याकाळी वडापाववर उडवतो तेवढेच! याच हिशोबाने पुढे त्यांनी मित्रांबरोबर गावच्या कामांसाठी मुरुड फंड काढला.

मात्र १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तरी त्यांनी हात आखडला नाही. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो स्वतः साठवलेले १००० रुपये घालून. आश्रम हिंगण्याला गेल्यावर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून रोज तिथे पायी जात.

इथे मात्र माझं त्यांच्याशी थोडं भांडण आहे. आपली ५००० रुपयांची विमा पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. मग घर, मुलंबाळं? ती ओढाताण गोदूबाईंच्या, म्हणजे बाया कर्व्यांच्या वाट्याला आली. त्यांचं 'माझे पुराण' वाचलं की कळतं. आपण देतो त्यात घरच्या माणसाचाही वाटा असतो, हे त्या पैशाच्या हिशोबात बसत नव्हतं, असं आपलं मला वाटतं.

१९२० साली महिला विद्यापीठाला ठाकरसींकडून १५ लाख मिळाले. दुसरा कोणी असता तर आता मोठ्या शेठजींकडेच गेला असता. पण १९३६ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढायच्या म्हणून अण्णा पुण्यात दारोदार फिरत होते, आणि कोणी दोन-चार आणे दिले तरी घेत होते.