नाताळची भूतकथा लिहिणारे चार्ल्स डिकन्स



नाताळच्या सुट्टीत मुलांना इंग्रजी वाचायला काय द्यावे, असे पालक आम्हांला विचारतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या मराठी शाळांतील पुष्कळ मुलांना शब्द पाठ असतात, स्पेलिंगही येते, पण उताऱ्याचा अर्थ मात्र हाती लागत नाही. अशा मुलांसाठी आम्ही ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटी कादंबरी सुचवतो. ती भूतकथा आहे म्हणून कोणी बिचकू नये. लेखकाचे जीवन कळले की तिच्यातली भुते कोण, तेही कळते.

चार्ल्स डिकन्स यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे झाला. वडील जॉन हे नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते. आई एलिझाबेथ हिने मुलाला घरीच अक्षरे शिकवली. वडिलांच्या संग्रहातली पुस्तके हेच त्या मुलाचे सोबती. पण वडिलांचा हात सैल होता आणि कर्ज वाढत गेले. १८२४ साली ते कर्जापायी तुरुंगात गेले. त्याच सुमारास बारा वर्षांच्या चार्ल्सची शाळा सुटली. लंडनमध्ये थेम्स नदीकाठच्या बूटपॉलिशच्या कारखान्यात तो डब्यांवर लेबले चिकटवू लागला. मजुरी आठवड्याला सहा शिलिंग. काही महिन्यांनी वडील सुटले. मुलाने कामावरच राहावे असे आईला वाटत होते, पण वडिलांनी त्याला पुन्हा शाळेत घातले. आईची ती इच्छा त्याला आयुष्यभर बोचत राहिली.

पंधराव्या वर्षी शाळा कायमची संपली. डिकन्स वकिलाच्या कचेरीत कारकून झाले, स्वतःच्या मेहनतीने लघुलेखन शिकले, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून वाचत राहिले आणि पार्लमेंटचे वार्ताहर झाले. १८३६ साली ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी दरमहा भागाभागाने निघू लागली आणि चोविसाव्या वर्षी त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

१८४३ साली बालमजुरांवरचा एक सरकारी अहवाल त्यांच्या वाचनात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी लंडनच्या फील्ड लेन येथील गरीब मुलांची मोफत शाळा पाहिली. ती अंधारी, कोंदट जागा आणि चिंध्यांतली मुले त्यांच्या मनातून जाईनात. आधी त्यांना एक पत्रक काढायचे होते, पण पत्रकापेक्षा गोष्ट खोल जाते हे त्यांनी ओळखले. सुमारे सहा आठवड्यांत लिहिलेले हे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी निघाले आणि नाताळपर्यंत सहा हजार प्रती खपल्या.

गोष्ट सोपी आहे. स्क्रूज हा कंजूष सावकार. त्याच्या मेलेल्या भागीदाराचे भूत चाव्या, वह्या आणि तिजोऱ्यांच्या साखळ्या ओढत येते. मागोमाग तीन भुते येतात: गेलेल्या नाताळचे, चालू नाताळचे आणि येणाऱ्या नाताळचे. येथे मराठी मुलांना एक लाभ आहे. आपल्या भाषेत ‘भूत’ म्हणजे पिशाच्च, ‘भूत’ म्हणजे होऊन गेलेले, आणि ‘भूत’ म्हणजे प्राणिमात्रही. भूत, भूतकाळ, भूतदया हे तीन शब्द समजले की स्क्रूजचा सारा प्रवास समजला. भूत त्याला भूतकाळात नेते आणि शेवटी भूतदयेपाशी सोडते.

स्पेलिंगचेही तसेच. ‘ख्रिसमस’ उच्चारताना ‘टी’ ऐकू येत नाही, पण लिहिताना पहिली सहा अक्षरे ‘क्राइस्ट’ अशीच लागतात. तोंड जे विसरते ते स्पेलिंग जपून ठेवते. हे एकदा सांगितले की मूल तो ‘टी’ गाळत नाही.

आकलनाची खरी कसोटी तिसऱ्या भागात आहे. दुसऱ्या भुताच्या झग्याखाली दोन हाडकुळी मुले दिसतात. मुलाचे नाव ‘इग्नरन्स’, मुलीचे ‘वॉन्ट’. आपल्या मुलांना ‘वॉन्ट’ म्हणजे ‘पाहिजे’ एवढेच ठाऊक, म्हणून ती अडतात. येथे त्याचा अर्थ दैन्य, उपासमार. हा अर्थ त्या मुलीच्या वर्णनातून काढावा लागतो. मग मुलांना विचारावे, भूत दोघांपैकी मुलाला, म्हणजे अज्ञानाला, अधिक भ्यायला का सांगते? आणि शाळेत एकटाच वाचत बसलेला लहानपणीचा स्वतः दिसताच स्क्रूज रडतो का? कारखान्यातला चार्ल्स ज्याला माहीत आहे, तो उत्तर देईल.

१८५३ च्या डिसेंबरात डिकन्स यांनी बर्मिंगहॅम येथे, कामगारांच्या शिक्षणासाठी निघणाऱ्या संस्थेच्या मदतीला, ही गोष्ट सभेत वाचली. एक वाचन खास कामगारांसाठी, स्वस्त तिकिटात, असा त्यांचा आग्रह होता. ते संत नव्हते. पत्नीला त्यांनी कठोरपणे दूर केले, आपल्या कॅथलिक चर्चविषयी त्यांना आस्था नव्हती, आणि १८५७ च्या उठावानंतर भारतीयांविषयी त्यांनी अत्यंत क्रूर शब्द लिहिले. दया शिकवणाऱ्या लेखणीलाही आंधळी जागा असते, हेही मुलांनी शिकावे. ९ जून १८७० रोजी ते वारले.

वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी नयी तालीम मांडली. हाताचे काम शिक्षणाचा भाग व्हावे, असा तिचा हेतू होता. लहानग्या चार्ल्सच्या कामाने मात्र त्याचे शिक्षणच हिरावले. आजही नाताळच्या दिवसांत आपल्याकडे कापूस वेचणी चालू असते आणि वेचायला गेलेल्या मुलाची बाकावरची जागा रिकामी राहते. गोष्टीतही पांगळ्या टायनी टिमच्या रिकाम्या जागेविषयी आणि कुबडीविषयी भुताकडून ऐकून स्क्रूजचे मन विरघळते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. पुस्तकाचे पाच भाग आहेत, ते सुट्टीत पाच बैठकांत वाचा. प्रत्येक भाग मुलाने आधी मराठीत सांगावा, मग दहा शब्द निवडून स्पेलिंगसह लिहावेत. आणि शेजारचे एखादे शाळा बुडालेले मूल सोबत बसवावे. दोघे मिळून वाचतील तर ‘वॉन्ट’चा अर्थ कोशात शोधावा लागणार नाही.