टोपीची पिन

गेल्या श्रावणात माझ्या दुचाकीची ॲक्सिलरेटरची केबल तुटली. बाजार करून येत होते. ओढ्याच्या पुलाअलीकडे मूठ पिळतेय, पिळतेय, इंजिन नुसतं फुरफुरतंय आणि गाडी जागची हलत नाही! दोन पिशव्या भाजी हँडलला लटकवून गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या पोरानं आधी काय विचारावं? तर साहेब नाही का आले! पण पोरगा कामाचा होता. त्यानं केबल काढून दाखवली. बारीक तारांची वेणीच असते ती. मुठीजवळच्या टोकाला एकेक तार तुटत गेलेली, शेवटची त्या दिवशी गेली. मग आठवलं, महिनाभर मूठ जड लागत होती, सोडली तरी पटकन मागे येत नव्हती. गाडी सांगत होती, मलाच कळत नव्हतं. (मैत्रिणींनो, मूठ मागे येईना झाली की आधी किल्ली बंद करायची, हे मात्र लक्षात ठेवा.)

घरी आल्यावर सल्ला मिळाला, की पुढच्या वेळी तू काही बघत बसू नकोस, आम्हाला फोन कर. त्या रात्री मला बर्था बेंझ आठवली. लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तिच्याबद्दल बरंच वाचून काढलं होतं.

बर्था जर्मनीतली. १८४९ साली फोर्त्सहाइम गावात एका सधन सुतार-बांधकाम व्यावसायिकाच्या घरी जन्मली. पुन्हा मुलगीच झाली, अशी खंत वडिलांनी घरच्या बायबलमध्ये लिहून ठेवली होती आणि ती तिच्या वाचनात आली, असं सांगतात. आपल्याकडच्या नकुशा आठवल्या ना? पुढे तिचं लग्न कार्ल बेंझशी ठरलं. हुशार इंजिनिअर, पण खिसा फाटका, त्यात भागीदाराशी बिनसलेलं. बर्थानं लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे मागून घेतले आणि त्या भागीदाराला मोकळं केलं. १८७२ मध्ये लग्न झालं. म्हणजे जगातल्या पहिल्या मोटारीच्या पायात एका बाईचा हुंडा आहे! १८८६ च्या पेटंटवर नाव मात्र एकट्या कार्लचं.

पेटंट मिळालं, पण गाडी कोण घेणार? घोडा नाही, बैल नाही, तीन चाकांचं ते फटफटणारं यंत्र. लोक बघायचे, हसायचे आणि जायचे. कार्ल भिडस्त, शिवाय अजून थोडी सुधारणा करू म्हणत बसणारा. गाडी लांबवर चालवून दाखवायचं त्याच्या मनात येईना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, शाळेला सुट्टी असताना, बर्थानं ठरवलं की आपणच माहेरी जायचं, गाडीनं. पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि त्याच्याहून सुमारे दीड वर्षानं लहान रिशार्ड, दोघा लेकांना घेऊन ती पहाटे मानहाइमहून निघाली. नवऱ्याला पत्ता नाही. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, रस्ते घोडागाड्यांचे, आणि वाटेत एकही गॅरेज नाही, कारण गॅरेज लागेल अशी वस्तूच जगात दुसरीकडे नव्हती म्हणा ना.

त्या गाडीला पायाखाली ॲक्सिलरेटर नव्हता. सगळा कारभार हाताचा. बाजूचा दांडा पुढे केला की पट्टा चाकांना गती देणाऱ्या कप्पीवर सरकायचा, मागे ओढला की सुटायचा आणि ब्रेक लागायचा. पेट्रोलची टाकी एवढीशी. वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून तिनं लिग्रोइन घेतलं. हे कपड्यांवरचे डाग काढायचं द्रावण, त्यावरच गाडी चालायची. त्या दुकानाला आजही जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणतात. पाणी तर सारखंच लागायचं. इंजिन थंड ठेवताना ते वाफ होऊन उडायचं. मग खानावळ दिसली की भर, ओढा दिसला की भर.

वाटेत इंधनाची नळी तुंबली. बर्थानं टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. ठिणगीच्या तारेचं आवरण घासून गेलं, तर मोजे वर धरून ठेवायचा पट्टा काढून तारेला गुंडाळला. साखळी ढिली पडली तेव्हा ब्रुखझालला लोहाराला हाताशी धरलं. उतारांवर ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांची झीज झाली, तर एका गावच्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी दम टाकायची, मग उतरून ढकलायची.

ही पिनेची गोष्ट लोक मोठ्या कौतुकानं सांगतात, बायका किती हिकमती असतात म्हणून. मला ते कौतुक अर्धवट वाटतं. टोपीला पिन तर तेव्हा गावातल्या कितीतरी बायकांच्या होती. गाडी बंद पडली ती नळीमुळे, ठिणगीमुळे की साखळीमुळे, हे आधी ओळखावं लागतं. ते तिला ओळखता आलं, कारण पंधरा-सोळा वर्षं ती त्या यंत्राबरोबरच नांदत होती. १८७९ च्या वर्षअखेरीला, रात्रीच्या जेवणानंतर कार्लचं पहिलं इंजिन धडपणे चालू झालं, तेव्हाही ती शेजारी उभी होती.

दिवस मावळताना ती माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी गाडीनंच परतली. येताना काय-काय कमी पडतंय तेही घेऊन आली. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे त्यातलंच. कार्लनं तो बसवलाही. बायकोचं ऐकणारा होता, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायलाच हवं. त्याच सप्टेंबरात म्यूनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं आणि पुढं ऑर्डरी येऊ लागल्या.

पाच मुलं, कारखान्याची चढउतार, पहिलं महायुद्ध, सगळं तिनं बघितलं. कार्ल १९२९ मध्ये गेला. ज्या कार्लस्रूअच्या तंत्रविद्यालयात तो शिकला, तिथं तिच्या तरुणपणी मुलींना प्रवेशच नव्हता. त्याच विद्यालयानं १९४४ च्या मे महिन्यात, तिच्या पंच्याण्णवाव्या वाढदिवशी, तिला मानद सेनेटर केलं. दोन दिवसांनी लाडेनबुर्गच्या घरी ती वारली.

माझ्या डिकीत आता एक जादा केबल असते. बसवायची कशी, ते त्या पोराकडून दोनदा बघून घेतलंय. तिसऱ्यांदा मी बसवली, तो बघत होता.