फिरत्या पंखांचा शिल्पकार : हुआन दे ला सिएर्व्हा



पुराच्या वेळी घराच्या छपरावर अडकलेल्या माणसांना दोर सोडून वर उचलून घेणारे हेलिकॉप्टर तुम्ही वृत्तपत्रांतील छायाचित्रांत खात्रीने पाहिले असेल. त्या हेलिकॉप्टरच्या डोक्यावर फिरणारी लांब पाती मधल्या दांड्याला घट्ट आवळून टाकलेली नसतात. दाराला बिजागरी असते तशी काहीतरी सोय तेथे असते. काही नव्या यंत्रांत बिजागरीच्या जागी लवचीक पट्टी असते. ही युक्ती सापडण्यापूर्वी अशी यंत्रे पुढे सरकू लागली की एका अंगावर कलंडत आणि पाती जमिनीवर आपटून त्यांचे तुकडे होत.

ही युक्ती प्रथम यशस्वी करून दाखविणाऱ्या माणसाने स्वतः हेलिकॉप्टर कधी बनविले नाही. तो स्पेन देशातील एक इंजिनियर होता. हुआन दे ला सिएर्व्हा हे त्याचे नाव. त्याला आयुष्य लाभले अवघे एकेचाळीस वर्षांचे. त्याची हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, तीत यशाइतकीच मोडतोड आहे, आणि प्रत्येक मोडक्या यंत्राला त्याने एकच प्रश्न विचारला : तू का मोडलेस?

हुआनचा जन्म २१ सप्टेंबर १८९५ रोजी स्पेनच्या आग्नेय भागातील मुर्सिया या शहरी झाला. वडील नामांकित वकील व राजकारणी होते. ते स्पेनचे मंत्रीही झाले. राइट बंधूंनी १९०३ साली अमेरिकेत विमान उडविले तेव्हा हुआन आठ वर्षांचा होता. त्या काळच्या अनेक मुलांप्रमाणे त्यालाही विमानाचे वेड लागले. पुढे माद्रिद येथे त्याला दोन साथीदार मिळाले. एक होसे बार्काला आणि दुसरा पाब्लो दियास. पाब्लो सुतारकामात वाकबगार होता. तिघांनी मिळून आधी खेळण्यातली विमाने, मग माणूस बसेल अशी बिनइंजिनाची विमाने बनविली.

१९१२ साली त्यांनी मोठी उडी घेतली. झाँ मोव्हे नावाच्या एका फ्रेंच वैमानिकाचे विमान मोडून पडलेले होते. या मुलांनी त्याचे इंजिन व उपयोगी भाग घेऊन नवे विमान उभे केले. पुढच्या पंख्यासाठी चांगले लाकूड हवे होते. ते एका जुन्या दुकानाच्या गल्ल्याच्या फळीतून मिळविले असे सांगतात. तिघांच्या आडनावांची रोमन आद्याक्षरे घेऊन विमानाला ‘बी. सी. डी. १’ असे नाव दिले. रंग तांबडा असल्याने लोक त्याला ‘खेकडा’ म्हणू लागले. मोव्हे यांनी ते विमान उडवून दाखविले. स्पेनमध्ये बांधलेल्या व यशस्वीपणे उडालेल्या पहिल्या विमानांत त्याची गणना होते. हुआनला तेव्हा सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. मंत्र्याच्या घरातला मुलगा रंधा मारणाऱ्या मित्राच्या शेजारी उभा राहून लाकूड तासत होता. आपल्याकडे हाताने काम करणारा वेगळा आणि डोक्याने काम करणारा वेगळा, अशी समजूत अजून पुरती गेलेली नाही. मुलगा घड्याळ उघडून बसला की आपण रागावतो. त्याने ते घड्याळ पुन्हा जोडावे असा आग्रह आपण धरला तर ते अधिक बरे होईल.

हुआन पुढे रस्ते, कालवे व बंदरे बांधण्याच्या शास्त्राची पदवी घेऊन इंजिनियर झाला. परंतु मन विमानातच होते. सरकारने लष्करी विमानांची स्पर्धा जाहीर केली तेव्हा त्याने तीन इंजिनांचे एक मोठे विमान तयार केले. १९१९ साली चाचणीच्या वेळी ते विमान जमिनीपासून थोड्याच उंचीवर असताना त्याचा वेग फार कमी झाला आणि ते खाली कोसळले. सुदैवाने वैमानिक बचावला.

सिएर्व्हा यांच्या आयुष्याला वळण लागले ते येथे. नेहमीच्या विमानाचे पंख जागच्या जागी पक्के असतात. त्यांच्यावरून वारा वेगाने वाहिला तरच ते विमानाला उचलून धरतात. विमान मंदावले की पंखांचा जोर एकाएकी नाहीसा होतो आणि विमान दगडासारखे पडते. मग विमान हळू चालले तरी पंख मात्र वेगाने फिरत राहतील अशी व्यवस्था करता येणार नाही काय, असा विचार त्यांनी केला.

विद्यार्थी मित्रांनो, उरुसात मिळणारे कागदी भिरभिरे आठवा. ते हातात धरून धावलात की आपोआप फिरते. सिएर्व्हा यांनी असेच मोठे भिरभिरे विमानाच्या डोक्यावर आडवे बसविले. इंजिन फक्त पुढचा पंखा फिरवून यंत्राला ओढत नेई. डोक्यावरची पाती वाऱ्याने आपली आपण फिरत आणि तीच यंत्राला उचलून धरीत. इंजिन बंद पडले तरी खाली येताना वारा खालून वर पात्यांतून वाहतो; त्यामुळे पाती फिरतच राहतात आणि यंत्र सावकाश उतरते. या यंत्राला त्यांनी ‘ऑटोजायरो’ हे नाव दिले.

कल्पना सुंदर होती, पण यंत्र उडेना. १९२० साली बनविलेल्या पहिल्या यंत्रात एकावर एक असे उलट दिशांना फिरणारे दोन पंखे होते. खालचा पंखा वरच्याच्या झोतात सापडून हळू फिरे आणि तोल जमेना. पुढच्या यंत्रांत एकच पंखा ठेवला, तर ती धावता धावता एका कुशीवर पडू लागली. पाती मोडत, पुन्हा बनवावी लागत. हा सारा खर्च घरच्या पैशातून चालला होता. अशी तीन यंत्रे झाली.

कलंडण्याचे कारण तुम्ही गणिताने काढू शकता. समजा, पात्याचे टोक ताशी ३०० किलोमीटर वेगाने फिरत आहे आणि यंत्र ताशी ६० किलोमीटर वेगाने पुढे जात आहे. जे पाते पुढे येते त्याच्या टोकाला वारा लागतो ३६० च्या वेगाने. जे पाते मागे जाते त्याला लागतो २४० च्या वेगाने. उचलण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेव्हा, पात्यांचा कोन सारखाच असेल तर, एका बाजूचे टोक दुसऱ्या बाजूपेक्षा सव्वादोन पट जोराने उचलले जाईल. मग यंत्र सरळ राहील कसे?

गंमत अशी की, त्यांनी बनविलेली लहान प्रतिकृती मात्र छान उडत होती. दुसरा एखादा असता तर लहान यंत्र उडते, मोठे उडत नाही, असे म्हणून गप्प बसला असता. सिएर्व्हा यांनी दोहोंतील फरक शोधला. लहान यंत्राची पाती वेताची असल्याने लवचीक होती. मोठ्या यंत्राची पाती ताठ होती. पुढे येणारे लवचीक पाते वर उचलले जाई. वर जाता जाता त्याला वारा कमी कोनात लागे आणि जादा जोर आपोआप ओसरे. मागे जाणारे पाते खाली झुके व त्याचा जोर वाढे. मोठी पाती तशी वाकविता येणार नव्हती. म्हणून त्यांनी प्रत्येक पात्याच्या मुळाशी बिजागरी बसविली. फिरण्याच्या गतीमुळे पाती बाहेरच्या बाजूला ताणलेली राहतात, त्यामुळे ती वर मिटून जात नाहीत.

जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ हे चौथे यंत्र घेऊन लेफ्टनंट आलेहान्द्रो गोमेस स्पेन्सर हवेत उडाले. यंत्र कलंडले नाही. थोड्याच दिवसांनी उड्डाणानंतर लगेच, कमी उंचीवर, त्याचे इंजिन बंद पडले. १९१९ साली विमान कोसळले होते तसाच हा प्रसंग होता. परंतु या वेळी यंत्र सावकाश खाली आले आणि वैमानिकाला काही इजा झाली नाही. महिनाअखेरीस कुआत्रो व्हिएन्तोस येथील मैदानावर त्याने सुमारे चार किलोमीटरची फेरी पुरी केली. डिसेंबर १९२४ मध्ये कॅप्टन होआकिन लोरिगा यांनी पुढचे यंत्र एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर, सुमारे दहा किलोमीटर, उडवीत नेले.

१९२५ साली सिएर्व्हा यांनी इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे आपले यंत्र दाखविले. १९२६ मध्ये उद्योगपती जेम्स वीअर यांच्या पाठबळाने तेथे त्यांची कंपनी निघाली. आता सारे सुरळीत होईल असे वाटत होते. पण फेब्रुवारी १९२७ मध्ये हॅम्बल येथे चाचणी चालू असताना एक पाते तुटून गेले. यंत्र आदळले. वैमानिक फ्रँक कोर्टनी जखमी झाले, परंतु वाचले. तपासांती कळले की, पाती वर-खाली मोकळी होती, पण मागे-पुढे जखडलेली होती. प्रत्येक फेऱ्यात बसणाऱ्या हिसक्यांनी त्यांची मुळे थकून गेली होती. सिएर्व्हा यांनी दुसरी, आडव्या हालचालीची बिजागरी बसविली. आधीच्या बिजागरीने मान मिळवून दिला होता, म्हणून तिच्यातील उणीव झाकून ठेवावी असे त्यांना वाटले नाही.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ते स्वतः विमान चालविण्यास शिकले. आजवर त्यांच्या यंत्रात इतरांनी जीव धोक्यात घातला होता. यापुढे अनेक चाचण्या ते स्वतः करू लागले. १८ सप्टेंबर १९२८ रोजी एक प्रवासी सोबत घेऊन त्यांनी लंडनजवळच्या क्रॉयडनहून उड्डाण केले व इंग्लिश खाडी ओलांडून ते पॅरिसला पोहोचले. फिरत्या पंखांच्या यंत्राने खाडी ओलांडण्याची ही पहिली वेळ होती. मार्च १९३४ मध्ये व्हॅलेन्सिया बंदरात ‘देदालो’ या स्पॅनिश जहाजावर ते स्वतः यंत्र घेऊन उतरले आणि तेथूनच पुन्हा उडाले. सुरुवातीला पाती फिरविण्यासाठी माणसांना दोर ओढावा लागे. या नव्या ‘सी. ३०’ यंत्रात ते काम इंजिन करी. आखूड पंखही काढून टाकले होते. वरचा पंखाच हव्या त्या बाजूला कलवून यंत्र वळविता येई. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने किनाऱ्यावरील रडार तपासण्यासाठी याच यंत्रांचा उपयोग केला.

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. जनरल फ्रँको यांना बंडाच्या वेळी कॅनरी बेटांतून मोरोक्कोला नेणारे विमान लंडनमध्ये भाड्याने मिळविण्यात सिएर्व्हा यांनी मदत केली होती. त्यांच्या चरित्रातील ही बाजूही वाचकांपुढे असली पाहिजे. यंत्रशास्त्रातील थोरवी हा माणसाच्या प्रत्येक निर्णयाचा दाखला होत नाही.

त्याच वर्षी, ९ डिसेंबरच्या सकाळी, दाट धुके असताना, ते क्रॉयडनहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या विमानात बसले. ते पक्क्या पंखांचे, नेहमीचे प्रवासी विमान होते. उड्डाण करताच ते घरांवर आदळले. सतरा जणांपैकी पंधरा मरण पावले. त्यांत सिएर्व्हा होते. विमानातील माणूस जिवंत खाली यावा म्हणून ज्याने सोळा वर्षे वेचली, त्याचा शेवट असा व्हावा, याची हळहळ वाटते.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. बिजागरीची पाती हेलिकॉप्टर बनविणाऱ्यांनी घेतली. हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले तर वैमानिक पात्यांना वाऱ्यावर फिरू देऊन खाली उतरवितो. हीच ती भिरभिऱ्याची युक्ती. पुढे अमेरिकेत इगोर बेन्सन या रशियात जन्मलेल्या इंजिनियरने १९५० नंतरच्या दशकात लहान, उघडा, एकाच माणसाचा जायरो तयार केला व त्याचे नकाशे विकले. त्याची दोन पाती मुलांच्या सी-सॉसारखी मधल्या एका खिळीवर झुलत. या नकाशांवरून अनेक हौशी माणसांनी आपापल्या घरी असे जायरो बांधले.

घरी बांधणे सोपे, उडविणे अवघड. रीतसर काम करणारा आधी पात्यांची वजने जुळवितो. मग यंत्र दोराने टांगून ते योग्य कोनात लोंबते की नाही हे पाहतो. नंतर जमिनीवरच पाती फिरवून धावतो, मग हातभर उंचीच्या उड्या घेतो. आणि हे सारे जाणत्या शिक्षकाकडून शिकल्यावर. नेहमीच्या विमानाची सवय येथे घातही करते. दांडा झटक्याने पुढे ढकलला तर पात्यांवरचा भार जातो, ती मंदावतात आणि यंत्र सावरता येत नाही. शिक्षकाशिवाय स्वतःच शिकू पाहणाऱ्या कित्येकांनी यात प्राण गमावले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी विमान बांधील किंवा न बांधील. पण प्रयोगवहीत उत्तर जुळले नाही की शेजाऱ्याचा आकडा उतरवून घेण्याचा मोह तुम्हा सर्वांना होतो. न जुळलेला आकडा खोडू नका. लहान यंत्र का उडाले आणि मोठे का पडले, हा फरक सिएर्व्हा यांनी खोडून टाकला असता तर बिजागरी सापडली नसती. तो आकडा घेऊन तुमच्या शिक्षकांकडे जा व विचारा. आम्हा शिक्षकांना त्या प्रश्नाइतका आनंद दुसऱ्या कशाने होत नाही.